अम्मींना कुठे ठेवायचे?

आपल्या घरांत 'वृद्धाश्रम' हा शब्द बहुधा टोमणा म्हणूनच येतो. मुलगा उलटून बोलला की आई म्हणते, "उद्या मला आश्रमात नेऊन टाकशील." शादीच्या दस्तरखानावर कुणीतरी सांगते, अमक्याने वडिलांना पुण्याला 'तसल्या ठिकाणी' ठेवले. ऐकणारे कानाला हात लावतात, तौबा करतात आणि बिर्याणीचे ताट पुढे सरकते. त्याच दस्तरखानावर एखादी सून मान खाली घालून गप्प बसलेली असते. तिच्या घरी डिमेन्शियाचा रुग्ण असतो. गेल्या तीन रात्री ती धड झोपलेली नसते, आणि त्या 'तसल्या ठिकाणा'चा फोन नंबर मागावा की मागू नये, हा विचार तिच्या मनात चालू असतो. हा लेख तिच्यासाठी आहे. तौबा करणाऱ्यांनी वाचला तरी हरकत नाही.

आम्ही पती-पत्नी दोघेही शिक्षक. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. सासूबाईंना आम्ही सगळे अम्मीच म्हणतो. सहा वर्षे त्यांचा हा आजार आम्ही घरी सांभाळला, आणि आता दोन वर्षे त्या पुण्याजवळच्या एका निवासी केंद्रात आहेत. मोठे भाई पुण्यात, धाकटे कुवेतला, आपा इचलकरंजीत. चौघांनी मिळून निर्णय घेतला असे आज आम्ही सांगतो, पण तो एका बैठकीत झाला नाही. त्याला दीड वर्ष लागले. त्या दीड वर्षात जे समजले ते इथे लिहीत आहोत.

आपल्या देशात ६० वर्षांवरील माणसांत डिमेन्शियाचे प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत मांडला गेला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त आढळले. म्हणजे आपल्या मोहल्ल्यात हा आजार नाही असे वाटत असेल, तर तो 'सठियागए' किंवा 'म्हातारचळ' या नावाने घरात बसलेला असतो इतकेच.

निदानाबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जातो. स्मरणशक्ती तपासायला ३० गुणांची एक प्रश्नपत्रिका वापरतात. अम्मींची पहिली तपासणी झाली तेव्हा तरुण डॉक्टरांनी विचारले, "आज तारीख काय?" अम्मींनी चांदची तारीख सांगितली, शाबानची बारावी. ती बरोबर होती. कागदावर चूक अशी खूण झाली. चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेल्या, घरात दख्खनी बोलणाऱ्या बाईला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले तर ती गप्प बसणारच. मुलाला त्याच्या भाषेत पेपर दिला नाही तर तो नापास होतो, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक आहे. हरियाणातल्या बल्लभगड भागात निरक्षर वृद्धांसाठी या चाचणीचे वेगळे हिंदी रूप तयार करण्यात आले, ते याच कारणाने. म्हणून तपासणीला जाताना घरातले कुणीतरी सोबत हवे, आणि माणूस शिकलेला किती व भाषा कोणती हे डॉक्टरांना आधी सांगायला हवे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, मनाची उदासी, कमी ऐकू येणे, यांनीही माणूस विसरभोळा दिसतो. आणि हे बरे होऊ शकते. अम्मींच्या बाबतीत हे सगळे तपासून झाल्यावर अल्झायमर ठरला. डोनेपेझिल, मेमँटीन ही औषधे काही काळ थोडा आधार देतात, आजार थांबवत नाहीत.

विसरणे हे कारण नव्हे

नुसते विसरणे हे माणसाला घराबाहेर ठेवण्याचे कारण नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. नातवाचे नाव विसरले, एकच प्रश्न दहादा विचारला, जेवून झाल्यावर "मला कुणी जेवायला दिले नाही" म्हणून शेजारणीकडे तक्रार केली, याचा त्रास होतो, चारचौघांत मान खाली जाते, पण यातून निभावता येते. पहिली चार वर्षे अम्मी घरात कामाच्या होत्या. मेथी निवडून द्यायच्या, घड्या घालायच्या, लसूण सोलायच्या. घडी मोडून आम्हीच पुन्हा त्यांच्यापुढे कपडे ठेवायचो आणि त्या पुन्हा घालायच्या. ओळखीचा माजघर, ओळखीचा वास, ओळखीची अजान यांवर असा माणूस बराच काळ तरतो. त्याला त्या काळात उचलून नव्या जागी नेणे चुकीचे.

मग कधी? आमच्या अनुभवात तीन गोष्टी एकत्र आल्या की त्या वेळी. रुग्णाचा जीव घरात सुरक्षित राहत नाही; त्याच्या शरीराची गरज एका माणसाच्या ताकदीबाहेर जाते; आणि सांभाळणारा स्वतः कोसळायला लागतो. एकेकटी गोष्ट असेल तर बहुतेक वेळा घरातच उपाय निघतो. गॅसची अडचण होती, आम्ही सिलिंडरची कळ रोज रात्री बंद करून रेग्युलेटर कपाटात ठेवू लागलो. अम्मी बाहेर निघून जात, दाराला वरच्या बाजूला, नजरेच्या वर कडी लावली. गळ्यातल्या ताइताच्या दोऱ्यातच एक छोटी पट्टी घालून तिच्यावर फोन नंबर कोरून घेतला. हातात पट्टा बांधला तर त्या काढून टाकायच्या, ताईत मात्र कधी काढला नाही.

रात्रीचे काय करायचे ते मात्र आम्हाला सुचेना. या आजारात अनेकांना संध्याकाळ झाली की अस्वस्थता वाढते आणि रात्र-दिवसाचा हिशेब उलटतो. अम्मी दोन वाजता उठून वुजू करायच्या, न्हाणीघरात पाणीच पाणी, आणि मग रमजान नसताना साऱ्या घराला सहरीसाठी हाका. एकदा कडी काढून तीन वाजता निघून गेल्या. फजरच्या आधी मशिदीकडे निघालेल्या मुअज्जिन साहेबांना त्या बंद किराणा दुकानाच्या पायरीवर बसलेल्या सापडल्या. माहेरी जायची गाडी कधी येणार, असे त्यांनी विचारले. त्यांचे माहेर चाळीस वर्षांपूर्वी उठले आहे.

त्या वर्षी आमची मुलगी दहावीला होती. ती दादीच्या खोलीत झोपायची. एका रात्री अम्मींना ती चोर वाटली आणि त्यांनी पितळी तांब्या मारला. मुलीच्या भुवईवर तीन टाके पडले. दुसऱ्या दिवशी अम्मी तिच्याच डोक्यावरून हात फिरवून विचारत होत्या, "कैसे लगा मेरी बच्ची को?" मुलगी रडली नाही. सकाळी शाळेत गेली आणि मैत्रिणींना पडले म्हणून सांगितले.

एक सूचना इथेच केलेली बरी. रुग्ण दोन-तीन दिवसांत एकदम बिघडला, भ्रमात बोलू लागला, मारू लागला, तर आजार वाढला असे लगेच समजू नये. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, अंगात पाणी कमी होणे, नवीन सुरू झालेली गोळी, दुखणारा दात, यांतले काहीही असू शकते. तांब्याच्या घटनेनंतर लघवीची तपासणी केली तेव्हा संसर्ग निघाला, औषधाने मारणे थांबले. रात्री मात्र तशाच राहिल्या. झोपेची गोळी दिली की सकाळी तोल जायचा. या वयात पडून खुब्याचे हाड मोडले तर पुढे सगळेच अवघड होते.

रजिस्टर

बाहेरगावच्या भावंडांना हे पटत नाही. त्यांचा दोष नाही. पाहुणे आले की डिमेन्शियाचा माणूस तासभर अगदी ठीक वागतो, कुठून बळ आणतो कोण जाणे. मोठे भाई रविवारी यायचे, अम्मी त्यांना नावाने हाक मारायच्या, चहा घेतला का विचारायच्या. भाई जाताना म्हणायचे, "तुम्ही उगाच घाबरता." धाकटे कुवेतहून व्हिडिओ कॉलवर त्यांना हसताना बघायचे. आपा म्हणाल्या, "मी नेते माझ्याकडे." नेल्याही. दोन महिन्यांनी त्यांनी स्वतःच फोन केला. त्या फोनवर बोलल्या कमी आणि रडल्या जास्त.

आम्ही शिक्षकांचा उपाय केला, रजिस्टर घातले. शंभर पानी वहीत रोज एक ओळ. रात्री किती वेळा उठल्या, किती वेळा कपडे बदलावे लागले, पडल्या का, मारले का, किती खाल्ले, त्या दिवशी आमच्यापैकी कोणाची शाळा बुडली. मत, तक्रार, विशेषण काही लिहायचे नाही. तीन महिन्यांनी पाने मोजली. पहिल्या महिन्यात ३० पैकी १४ रात्री जागरणाच्या होत्या, तिसऱ्या महिन्यात २६. तीन वेळा पडल्या होत्या. आमच्या दोघांच्या मिळून अकरा रजा गेल्या होत्या, आणि यांचा रक्तदाब दोनदा इतका चढला की दवाखान्यात न्यावे लागले. बकरी ईदला सगळे जमले तेव्हा वही मधोमध ठेवली. भाईंनी शेवटपर्यंत वाचली. त्यानंतर "तुम्ही उगाच घाबरता" हे वाक्य आमच्या घरात पुन्हा कुणी बोलले नाही. ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे त्यांनी आज रात्रीपासून वही सुरू करावी. निर्णय घरीच ठेवण्याचा झाला, तरी डॉक्टरांना ती उपयोगी पडते.

लोक काय म्हणतील त्याआधी, दीन काय म्हणतो

सूरह बनी इस्राईलमध्ये म्हाताऱ्या आई-वडिलांपुढे 'उफ्' सुद्धा न काढण्याचा जो हुकूम आहे, तो आपल्याकडे लहानपणापासून सगळ्यांना पाठ असतो. सूरह नहलमध्ये अशा वयाचाही उल्लेख आहे ज्यात माणसाला जाणते असून पुन्हा काहीच कळेनासे होते, हे मात्र कमी लोकांच्या ध्यानात असते. आम्ही पेशइमाम साहेबांकडे गेलो. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की आई-वडिलांची जबाबदारी औलादीवर आहे आणि ती कुठेही ठेवले तरी उतरत नाही. पण प्रत्येक काम स्वतःच्या हातानेच झाले पाहिजे, अशी अट त्यात नाही. त्यांना तकलीफ कमी कुठे होते ते बघा. दुसरी गोष्ट त्यांनी आमच्या मुलाबाळांसमोर सांगितली, म्हणून जास्त मोलाची: सासूची खिदमत सुनेवर फर्ज नाही. ती करते तो तिचा एहसान आहे. फर्ज मुलांवर आणि मुलींवर आहे. हे वाक्य आपल्या जुम्याच्या बयानात कितीदा ऐकू येते, हे वाचकांनीच सांगावे.

नमाजाचा प्रश्नही त्यांनीच सोडवला. अक्ल शाबूत नसेल तर नमाज-रोजाची जबाबदारी राहत नाही. म्हणजे अम्मी एका वक्ताची नमाज चारदा पढत असतील तर पढू द्यावी, विसरल्या तर आठवण करून देऊन छळू नये.

धाकट्यांनी कुवेतहून विचारले, केंद्राची फी जकातीतून द्यावी का? नाही. आई-वडिलांना जकात लागत नाही. त्यांचा खर्च मुलांचाच. चार हिस्से केले, कमाईप्रमाणे कमी-जास्त, आणि कागदावर लिहिले. तोंडी ठरलेले सहा महिने टिकते.

कायद्याचीही भीती लोक घालतात. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात कलम २४ आहे. वृद्धाला पूर्णपणे टाकून देण्याच्या हेतूने कुठेतरी सोडून जाणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. महत्त्वाचे शब्द 'टाकून देण्याच्या हेतूने' हे आहेत. फी भरणारा, भेटायला जाणारा, फोन उचलणारा मुलगा या कलमात बसत नाही. उलट घरातच मागच्या खोलीत कडी लावून ठेवलेली आई आम्ही पाहिली आहे. तिच्या मुलाला बिरादरीत सगळे फर्माबरदार म्हणतात.

या आजाराला ज्यांचे नाव मिळाले त्या डॉ. अलॉइस अल्झायमर यांची पहिली प्रसिद्ध रुग्ण आउगुस्टे डेटर १९०१ मध्ये ५१ वर्षांची होती. रेल्वेत नोकरी करणाऱ्या तिच्या नवऱ्याला ती घरी सांभाळता येईना म्हणून त्याने तिला फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ठेवले. त्याला तिथला खर्चही झेपत नव्हता. १९०६ मध्ये ती तिथेच वारली. सव्वाशे वर्षे होत आली. ते वाचताना आम्हाला त्या नवऱ्याचाच विचार जास्त आला.

जागा कशी बघायची

साधे वृद्धाश्रम डिमेन्शियाचा रुग्ण बहुधा घेत नाहीत. 'स्वतःचे स्वतः करता आले पाहिजे' ही त्यांची अट असते आणि ती लपवून भरती केली तर महिन्याभरात परत पाठवतात. वेगळी केंद्रे पुणे-मुंबईच्या आसपास जास्त. आम्ही विचारलेल्या ठिकाणी महिन्याला तीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत आकडे ऐकले, डायपर आणि औषधे वेगळी. घरी दिवस-रात्र दोन मावश्या ठेवल्या असत्या तरी खर्च जवळपास तेवढाच झाला असता, आणि आमच्या गावात रात्रीची मावशी पंधरा दिवसांवर टिकत नव्हती. सरकारची 'एल्डरलाइन' १४५६७ या नंबरवर आहे. तिथे जिल्ह्यातल्या सोयींची माहिती विचारता येते. १९९२ मध्ये केरळात सुरू झालेल्या 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' या संस्थेच्या शाखा ठिकठिकाणी आहेत.

आम्ही पाच जागा पाहिल्या. पहिल्या भेटीला वेळ घेऊन जावे, दुसऱ्या भेटीला न कळवता, आणि तेही संध्याकाळी पाचनंतर. दुपारी सगळीकडे शांतता असते. खरे केंद्र संध्याकाळी दिसते. वास घ्यावा. रात्री किती माणसे जागी असतात आणि किती रुग्णांमागे, हे विचारावे. एका ठिकाणी चौदा रुग्णांमागे रात्री एकच मुलगी होती; तिथला चकचकीत बगीचा बघून आम्ही परत फिरलो. रुग्णांना बांधता का, हा प्रश्न थेट विचारावा. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदलतात का, त्याची नोंद कुठे आहे, पडले तर कोणत्या रुग्णालयात नेता, डिपॉझिट परत कधी मिळते, हे सगळे लिहून घ्यावे.

आपले काही प्रश्न वेगळे असतात आणि ते विचारायला संकोच वाटतो. विचारावेत. आंघोळ घालायला बाईच असेल ना? डोक्यावरचा दुपट्टा राहू देतात का? काही ठिकाणी सोयीसाठी बायकांचे केस बारीक कापतात. आम्ही नको सांगितले आणि वेणी राहिली. मटण-कोंबडी हलाल नसेल तर शाकाहारी जेवण चालेल असे आम्ही लिहून दिले. भाषेचे मात्र जास्त महत्त्वाचे. हा आजार वाढतो तशी मागून शिकलेली भाषा आधी जाते. अम्मींचे मराठी गेले होते, दख्खनी उरली होती. ज्या केंद्रात दोन मुली ती बोलणाऱ्या निघाल्या, ते आम्ही निवडले. भाड्याने जरा महाग होते.

एकदम कायमचे नेले नाही. आधी पंधरा दिवस ठेवले, परत आणले, मग पुन्हा. आणि खुबा मोडायची वाट पाहिली नाही. रुग्णालयातून सुट्टी मिळतानाच्या घाईत शोधलेली जागा म्हणजे जी रिकामी असेल ती.

कागदपत्रांचे लवकर उरकावे. सासरे जिल्हा परिषदेचे शिक्षक होते, अम्मींना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला लागतो. माणूस सही ओळखत असतानाच बँकेचे खाते संयुक्त करून घेतलेले बरे. नंतर समज गेली की सहीला अर्थ उरत नाही आणि पालकत्वासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते.

तिथे गेल्यावर

पहिल्या भेटीत अम्मी म्हणाल्या, "मेरेकू घर लेके चलो." हे ऐकून आपा तिथेच खाली बसल्या. पण वहीत पाहिले तर हेच वाक्य त्या आमच्या घरी, स्वतःच्या पलंगावर बसून रोज संध्याकाळी म्हणत होत्या. त्यांना हवे असलेले घर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हते. दोन महिन्यांनी त्यांचे वजन अडीच किलोने वाढले. मुलगी आता बारावीला आहे, ती आमच्याबरोबर जाते आणि दादीची वेणी घालते. आम्ही कोण हे अम्मींना कळत नाही. सूरह फातिहा सुरू केली की मात्र त्या न अडखळता शेवटपर्यंत जातात.

केंद्राच्या फॉर्मवर अखेरच्या विधींसाठी एक रकाना होता. बहुतेक लोक तो कोरा सोडतात, असे तिथल्या ताई म्हणाल्या. आम्ही तो भरला: प्रथम कोणाला फोन करायचा, गुस्ल देणाऱ्या जवळच्या दोन बायांचे नंबर, दफन आमच्या गावच्या कब्रस्तानात, आणि शक्य तितक्या लवकर. भाईंनी फॉर्मवर सही केली आणि बराच वेळ बाहेर गाडीजवळ उभे राहिले.

मागच्या ईदला त्यांना घरी आणावे असे सगळ्यांना वाटत होते. डॉक्टर म्हणाले, जागा बदलली की पुन्हा आठ दिवस त्यांना त्रास होईल. म्हणून नमाज झाल्यावर दोन गाड्या करून आम्हीच गेलो. शीरखुर्मा नेला होता. अम्मींना आता गिळताना ठसका लागतो, म्हणून त्यांच्या वाटीतले खजूर-बदाम वाटून घातले होते आणि दूध आटवून दाट केले होते. त्यांनी वाटी संपवली, आणि धाकट्यांच्या बायकोला, जी कुवेतहून पहिल्यांदाच तिथे आली होती, विचारले, "तू किसकी है?"